विज्ञानाचा अभ्यास : एकदाच पाट फोडू नका, पाळ्या द्या



शाळा सुरू झाल्या आहेत आणि आडसालीच्या लागणीची गडबडही सुरू झाली आहे. या दिवसांत गट ऑफिसच्या ओट्यावर चार माणसे टेकली की बोलणे पावसावरून पाण्यावर आणि पाण्यावरून पोरांवर येतेच. मी हायस्कूलवर तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. त्यामुळे एक तक्रार हमखास माझ्यापुढे येते. "सर, पोरगं रात्री बारापर्यंत पुस्तक घेऊन बसतंय. क्लासबी लावलाय. पण विज्ञानाचा पेपर आला की मार्क कुठं जात्यात तेच कळंना."

तक्रार खरी आहे. पोरगे आळशी नसते, बुद्धीनेही कमी नसते. पण ते तास कसे खर्ची पडतात ते कोणी पाहत नाही. पाणी भरपूर सोडले आणि ते सरीत न जाता बांधावरून ओढ्याला गेले, तर उसाला काय उपयोग? अभ्यासाचेही तसेच आहे. याबाबत मला अनुभवाने जे उमगले ते आपल्यापुढे मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

चूक माझीच होती

आधी माझी चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत परीक्षा जवळ आली की मी फळ्यावर वीस-पंचवीस प्रश्न लिहून देत असे. उत्तरेही तयार करून देई. मुले ती घोकत, पेपरात उतरवत, निकाल चांगला लागे. पालक खूश, मुख्याध्यापक खूश, मीही खूश.

त्यांतला एक मुलगा चांगल्या गुणांनी पास होऊन अकरावीला विज्ञान शाखेत गेला. त्याला पुढे कृषी पदवी घ्यायची होती. दिवाळीच्या सुट्टीत तो भेटला तेव्हा त्याने विज्ञान सोडले होते. कारण विचारले तर मान खाली घालून म्हणाला, "सर, दहावीचं सगळं पाठ होतं. कळलं नव्हतं." आज तो घरची शेती उत्तम करतो, ऊसही चांगला काढतो. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. त्याचे दार बंद झाले त्यात माझा हात होता. तेव्हापासून मी "पाठ झाले का?" हा प्रश्न विचारायचे सोडले आणि "पुस्तक मीट आणि सांग" असे म्हणायला लागलो.

वाचले म्हणजे आले असे वाटते

मुलगा धडा एकदा वाचतो, दुसऱ्यांदा वाचतो, खाली रंगीत रेघा मारतो. तिसऱ्या वेळी सगळे ओळखीचे वाटते. मग त्याला वाटते, आले आपल्याला. पण ओळखीचे वाटणे वेगळे आणि आठवणे वेगळे. बाजारात माणूस दिसला की चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही. तशीच ही गोष्ट. परीक्षेत तर नुसते नाव नव्हे, सगळी वंशावळ सांगावी लागते.

यावर शास्त्रज्ञांनी फार पूर्वीपासून काम केले आहे. जर्मनीत हरमान एबिंगहाउस नावाच्या संशोधकाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची आणि काही वेळाने त्यांतले किती टिकले ते मोजायचे. १८८५ साली त्याने ते पुस्तकरूपाने मांडले. पाठ केल्यावर तासाभरातच निम्म्याहून अधिक गळून गेले होते. पुढची गळती हळूहळू होत गेली. अर्थ समजलेला मजकूर इतक्या झपाट्याने जात नाही, हे खरे. पण पहिल्या दिवसांत गळती जास्त, हा नियम सगळ्यांना लागू आहे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते आणि साखरही घटते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. शाळेत आज शिकवलेल्या धड्याचेही तसेच आहे. तो ताजा असतानाच गाळपाला गेला पाहिजे.

दुसरा प्रयोग २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, पुस्तक न पाहता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटले. चार वेळा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. परीक्षा काही धडा वाचल्यावर पाच मिनिटांनी होत नाही, महिन्यांनी होते. तेव्हा कोणती रीत धरायची ते आपणच ठरवा.

चार पाळ्या

उसाला नत्र आपण कसे देतो? सगळा युरिया लागणीलाच टाकून मोकळे होत नाही. शिफारशीप्रमाणे थोडा लागणीच्या वेळी, मोठा हप्ता दीड-दोन महिन्यांनी, मग पुन्हा थोडा आणि उरलेला मोठ्या बांधणीला. एकदम टाकला तर पिकाला लागत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रात्रंदिवस केलेला अभ्यास हा एकदम टाकलेला युरिया आहे.

एका धड्याला चार पाळ्या द्याव्यात :

१. पहिली पाळी त्याच संध्याकाळी. शाळेत आज जे झाले ते पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर लिहायचे. पंधरा मिनिटे पुरे. मग पुस्तक उघडून काय राहिले ते वेगळ्या शाईने भरायचे.

२. दुसरी पाळी दोन-तीन दिवसांनी. पुन्हा पुस्तक मिटून. या वेळी आकृत्या काढायच्या आणि उदाहरणे सोडवायची.

३. तिसरी पाळी आठवड्याने. धड्याखालचे प्रश्न, उत्तरे न पाहता.

४. चौथी पाळी महिन्याने. मागच्या तीन-चार धड्यांचे प्रश्न एकत्र मिसळून. परीक्षेत प्रश्न धड्यांच्या क्रमाने येत नाहीत, म्हणून सरावही मिसळलेलाच हवा.

हे दिवस काही दगडावरची रेघ नव्हेत. पाऊस पडला की पाण्याची पाळी लांबते, तसे एखाद-दुसरा दिवस इकडेतिकडे चालेल. पाळी मात्र चुकता कामा नये. आणि एकेका बैठकीला चाळीस मिनिटे नेटाने, मग दहा मिनिटे विसावा, हे तीन तास पेंगत बसण्यापेक्षा कितीतरी चांगले.

दहावीला विज्ञानाची भाग १ आणि भाग २ अशी दोन पुस्तके आहेत आणि प्रत्येकी ४० गुणांचा लेखी पेपर असतो. हा मोठा पल्ला आहे. परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे आपला गळीत हंगाम भरात असताना. घरात तोडीची धावपळ, ट्रॅक्टरची ये-जा, टोळीची गडबड. त्या वेळी पोराकडे लक्ष द्यायला सवड मिळत नाही. म्हणून पाळ्यांची सुरुवात आत्ता, लागणीबरोबर करावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

चुकांची वही

माझ्या वर्गात मी प्रत्येकाला एक शंभर पानी वही वेगळी ठेवायला लावत असे. तिचे नाव चुकांची वही. चूक खोडून टाकायची नाही. ती वहीत लिहायची आणि शेजारी का चुकली ते लिहायचे.

एक उदाहरण देतो. बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर २० सें.मी. आहे आणि वस्तू भिंगापासून ३० सें.मी.वर ठेवली आहे. प्रतिमा कोठे मिळेल? बरोबर उत्तर ६० सें.मी. पण दरवर्षी वर्गातली बरीच मुले १२ सें.मी. लिहीत. गुणाकार-भागाकार चुकत नसे. वस्तूचे अंतर ऋण धरायचे असते, ते विसरत. ज्याने ही चूक एकदा आपल्या हाताने वहीत लिहिली, "वस्तूच्या अंतराचे उणे चिन्ह राहिले", त्याची ती पुन्हा सहसा होत नसे. ज्याने नुसते खोडून फळ्यावरचे उत्तर उतरवून घेतले, तो पुढच्या चाचणीत पुन्हा १२ वरच येई.

एकके लिहायची राहणे, समीकरण संतुलित न करणे, आकृतीत किरणांना बाण न दाखवणे, या सगळ्या नोंदी त्या वहीत याव्यात. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक चाळण्यापेक्षा ही वही चाळावी. शेतातली कीड कुठे पडते हे एकदा कळले की फवारणी नेमकी करता येते.

प्रयोगशाळा घरातच आहे

आपल्या मुलांना विज्ञान परके वाटते, कारण ते पुस्तकातले वाटते. खरे पाहता साखर कारखान्याच्या परिसरातल्या मुलाइतके विज्ञान कोणाच्या डोळ्यांपुढे नसेल.

ब्रिक्स पाहण्याचा हँड रिफ्रॅक्टोमीटर आपण सर्वांनी पाहिला आहे. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचा आणि आतल्या पट्टीवर अंधार-उजेडाची रेघ कुठे पडते ते वाचायचे. रसात साखर जास्त असली की उजेड जास्त वाकतो. हेच दहावीच्या पुस्तकातले प्रकाशाचे अपवर्तन. कारखान्याचे शेतकी कर्मचारी फडात आले तर मुलांना जवळ उभे करा आणि एकदा त्यातून पाहू द्या.

चुनकळीवर पाणी पडले की ती फसफसते आणि तापते. ही उष्णता बाहेर टाकणारी रासायनिक अभिक्रिया. उसाचा ताजा रस आम्लधर्मी असतो; कारखान्यात चुना आणि सल्फर डायऑक्साइड वापरून तो उदासीन पातळीच्या आसपास आणतात आणि मळी खाली बसवतात. आम्ल आणि आम्लारी यांचा धडा आपल्या रसाच्या टाकीतच घडतो आहे. पुढे रस आटवताना भांड्यातली हवा काढून दाब कमी करतात, म्हणजे तो शंभर अंशांच्या बराच खाली उकळतो आणि साखर करपत नाही.

जीवशास्त्र तर बांधावरच आहे. टिपरी लावली की उगवणारा ऊस मूळ उसासारखाच निघतो, कारण ते शाकीय प्रजनन. पण तुऱ्यातल्या बियांपासून उगवणारी रोपे एकसारखी निघत नाहीत. तिथे आनुवंशिकता आपले रंग दाखवते. याच वेगळेपणातून नव्या जाती निवडतात. आपल्या को ८६०३२ मधले "को" म्हणजे कोइमतूर. तेथे १९१२ सालापासून उसाच्या पैदाशीचे काम चालले आहे. हे मुलाला सांगितले तर आनुवंशिकतेचा धडा त्याच्या घरचा होतो.

सावधगिरी मात्र हवी. चुनकळीशी मुलांनी एकट्याने खेळू नये, डोळ्यांना इजा होते. चालू मोटारीचे पेटी-कनेक्शन तर कधीच उघडू नये. मोटार कशी फिरते ते जुन्या, बंद पडलेल्या पंख्यावर दाखवावे.

मोठ्यांच्या घरी काय घडले

डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी आपल्या शाळेची एक आठवण अनेक भाषणांतून सांगितली आहे. त्यांच्या भावे सरांनी मुलांना वर्गाबाहेर उन्हात नेले आणि भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवला. नाभीय अंतर तर कळलेच, पण शक्ती एके ठिकाणी आणली की काय होते तेही त्या मुलाच्या मनावर कायमचे कोरले गेले. खर्च किती? एक भिंग आणि एक कागद.

कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर बनारसला वाढले. घरात भिंतीवर फळे होते. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार तिथे राहायला आले, तेव्हा ते फळ्यावर भाच्यासाठी गणिताचे एक कूट लिहून ठेवत. उत्तर लगेच सांगत नसत. भाचा स्वतः डोके चालवीपर्यंत कूट फळ्यावर तसेच राही. नारळीकरांचे वडील गणिताचे प्राध्यापक होते, तेव्हा आपली बरोबरी कशी व्हायची, असे कोणी म्हणेल. बरोबरी नको, रीत तर घेता येते. घरातल्या दाराच्या मागच्या बाजूला खडूने आठवड्याला एक प्रश्न लिहा. शाळेच्या शिक्षकांकडून मागून घ्या. उत्तर सापडेपर्यंत पुसू नका.

न शिकलेल्या आईची शाळा

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ पालक म्हणतात, "आम्हालाच येत नाही, तर पोराचा अभ्यास काय घेणार?" येथेच आपली चूक होते. अभ्यास घ्यायला विज्ञान यावे लागत नाही. कान लागतात.

आमच्या शाळेत एक मुलगी होती. आई शेतात खुरपायला जाई. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नव्हते. पण रोज रात्री भाकरी थापताना ती लेकीला म्हणे, "आज काय शिकवलं, मला समजंल असं सांग." पुस्तक बंद. मुलगी सांगत जाई. एकदा मुलीने सांगितले की मुळे जमिनीतले पाणी घेतात आणि ते पानांपर्यंत जाते. आई म्हणाली, "अगं, पाणी तर उताराला जातंय. दहा फूट उसात वर कसं चढतंय? तिथं कोणती मोटार हाय?" मुलीला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तिने तोच प्रश्न मला विचारला. त्या तासाला मी मूलीय दाब आणि बाष्पोच्छ्वास जसा शिकवला, तसा आधी कधी शिकवला नव्हता. पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, त्यामुळे खालचे पाणी वर ओढले जाते. मुळेही थोडे ढकलतात. तो दिवस वर्गातले कोणी विसरले नसेल.

त्या माउलीने नकळत तेच केले जे २००६ सालच्या प्रयोगात झाले. पुस्तक मिटून आठवायला लावले. आणि वर जे अडले ते शोधायला लावले. याला पैसा लागत नाही, क्लास लागत नाही, लाइटसुद्धा लागत नाही.

पालक सभासदांना चार विनंत्या

पहिली, अभ्यासाची वेळ आणि जागा ठरलेली असू द्या. टीव्हीसमोर अभ्यास होत नाही. मोबाइलवर शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण बैठकीच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत राहू द्या.

दुसरी, झोप तोडू नका. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. दिवसभर शिकलेले झोपेत पक्के होते. रात्रीच्या लाइटला मोटार चालू करायला दहावीच्या पोराला उठवू नका. अंधारात विंचू-सापाचे भय असते ते वेगळेच. कामाची लाज नको; कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती काम आणि शिक्षण यांची सांगड घालूनच. पण कामाने शिक्षणाला आधार द्यायचा, त्याची जागा घ्यायची नाही. सुट्टीच्या दिवशी दोन तास शेतात जरूर न्या. रात्रीचे दारे मात्र मोठ्यांनी धरावे.

तिसरी, मुलीचे तास मोजा. मुलगा अभ्यासाला बसतो तेव्हा मुलगी पाणी भरते, भांडी घासते, धाकट्याला सांभाळते. मग तिचे मार्क कमी पडले की आपण म्हणतो, तिला विज्ञान झेपत नाही. झेपत नाही की बसायलाच मिळत नाही, हे आपल्या घरात एकदा प्रामाणिकपणे तपासून पाहावे.

चौथी, नुसते "अभ्यास कर" म्हणू नका. "आज काय शिकलास, मला सांग" असे म्हणा. अडले तर रागावू नका. अडले म्हणजे कुठे पाणी पोहोचले नाही ते कळले. उद्या तिथे पाळी द्यायची.

बंधू-भगिनींनो, उसाचा उतारा तोडीच्या दिवशी ठरत नाही. बेणे, बांधणी, खत, पाणी यांनी तो वर्षभर ठरत आलेला असतो. पोराच्या अभ्यासाचेही तेच. सगळी मुले डॉक्टर-इंजिनिअर होतील असे नाही आणि व्हायलाच हवीत असेही नाही. पण "पाठ होतं, कळलं नव्हतं" म्हणून आपल्या एकाही पोराला आवडीची वाट सोडावी लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा सुरुवात करा. पुस्तक मिटायला सांगा आणि ऐका.